स्पर्धेने ग्राहकाचे भलेच झाले, असे म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

अर्धविराम

‘त्रयस्थ’ यांनी मागच्या आठवड्यात येथे जे लिहिले त्याचा सारांश असा : मोबाइल आणि क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी साठवण आणि संगणकशक्ती) या दोन्ही बाजारांत बड्या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्यामुळे फोन सुधारले, साठवण स्वस्त झाली, आणि तरीही कुरकुर करणारे लोक हे ‘फुकट मिळाले तरी त्यात खोड काढणारे’ आहेत. लेखातले आकडे बहुतांशी बरोबर होते. ते शेवटचे वाक्य मात्र तीन दिवस प्रयत्न करूनही माझ्या घशाखाली उतरले नाही, म्हणून प्रतिसादात न मावणारे उत्तर स्वतंत्र धाग्यात देतो आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की या कंपन्यांची स्पर्धा ग्राहक आत येईपर्यंत चालते. तो एकदा आत आला की त्याच्यापुरती ती संपते, आणि पुढचा भाव ठरतो तो त्याला बाहेर पडणे किती जड जाईल यावरून. त्रयस्थ ज्या स्वस्ताईचे गोडवे गातात ती दारातली स्वस्ताई आहे.

उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत, तरी एका ओळीत मांडतो. गूगल फोटोजने २०१५ मध्ये अमर्याद फुकट साठवण देऊ केली आणि लोकांनी आपले सारे आयुष्य तेथे नेऊन ठेवल्यावर १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हची अमर्याद साठवण २०१५ च्या नोव्हेंबरातच मागे घेतली. अ‍ॅपलचे आयक्लाउड २०११ मध्ये ५ जीबी फुकट देत होते आणि आजही ५ जीबीच देते. दरम्यान त्यांच्याच फोनचा कॅमेरा ८ मेगापिक्सेलवरून ४८ वर गेला. कॅमेऱ्यासाठी स्पर्धा आहे, कारण तो विकत घेण्यापूर्वी पाहिला जातो. साठवण भरल्याची सूचना फोन घेतल्यानंतर येते, तेव्हा स्पर्धा कशाला करायची?

आणि ज्यांना आपण हाडवैरी समजतो त्यांचे आपसातले व्यवहारही पाहावेत. गूगलने आपले शोधयंत्र आयफोनवर आधीपासून बसवलेले राहावे यासाठी एकट्या २०२२ या वर्षात अ‍ॅपलला सुमारे २,००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकी न्यायालयात उघड झाले, आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. आयक्लाउडमधल्या फायलींचे तुकडे अ‍ॅपल गूगलच्या आणि अ‍ॅमेझॉनच्या साठवणीतही ठेवत असे, हे तिच्याच सुरक्षाविषयक दस्तऐवजात छापलेले होते. व्यासपीठावर भांडायचे आणि मागच्या दाराने भाडेपावती फाडायची, याला मी तरी युद्ध म्हणणार नाही.

आता माझा अनुभव. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही. ११ वर्षांचे फोटो एका सेवेत होते आणि ते मला दुसरीकडे हलवायचे होते. ‘आपला विदा (डेटा) केव्हाही घेऊन जा’ असे बटण तेथे आहे आणि ते चालते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. बटण दाबल्यावर दोन दिवसांनी एक मेल आली. तीत दोन-दोन जीबीच्या १३८ झिप फायलींचे दुवे होते आणि ते एका आठवड्यात बाद होणार होते. एखादी फाइल ९२ टक्क्यांवर तुटली की पुन्हा शून्यापासून. सगळ्या उतरवून उघडल्यावर लक्षात आले की मी त्या सेवेत बसून वर्षानुवर्षे ज्या तारखा आणि ठिकाणे दुरुस्त केली होती, त्या दुरुस्त्या फोटोंमध्ये नव्हत्याच. प्रत्येक फोटोशेजारी एक जेसन फाइल (फोटोची माहिती लिहिलेली मजकुराची छोटी फाइल) होती आणि सगळे शहाणपण तिच्यात होते. नव्या सेवेने अर्थातच त्या जेसन फायलींकडे ढुंकून पाहिले नाही. परिणाम असा की, माझ्या मुलीचे पहिले पाऊल आणि तिचे शाळेतले शेवटचे वर्ष हे दोन्ही एकाच मंगळवारी घडले, अशी माझ्या संग्रहाची समजूत आहे. ती समजूत दूर होईपर्यंत मी दोन्ही सेवांना दरमहा पैसे भरतो आहे. यात मी फुकटची खोड कोठे काढली, ते त्रयस्थ यांनी सांगावे.

त्रयस्थ

माझ्या लेखावर एवढा मोठा धागा निघाला हा मी सन्मान समजतो. आता मुद्द्याकडे.

अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस३ ही साठवण सेवा सुरू केली तेव्हा महिन्याला एक जीबी ठेवण्याचा दर १५ सेंट होता. आज तीच साधी साठवण सुमारे २.३ सेंटांना मिळते, आणि क्वचितच लागणाऱ्या विदासाठी त्याहूनही पुष्कळ कमी दराने मिळते. हा दर कोणी दयेपोटी उतरवलेला नाही. मायक्रोसॉफ्ट २०१० मध्ये बाजारात उतरली, गूगलही उतरली, आणि मग एकीने दर पाडला की दुसरीने त्याच आठवड्यात पाडायचा असा काळ आम्ही या धंद्यात पाहिला आहे.

क्लाउडपूर्वीचे दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना हे आकडे कोरडे वाटतील. मी ज्या छोट्या कंपनीत लागलो तेथे दोन सर्व्हर मागवायचे तर सहा आठवडे थांबावे लागे. खोके आले की रॅकचे (सर्व्हर बसवायच्या कपाटाचे) रूळ निघायचे चुकीच्या मापाचे. मग आम्ही सर्व्हर टेबलावर ठेवून, बाजूला पंखा लावून एक महिना काढला, आणि ज्या सेवेसाठी तो मागवला होता तिला ग्राहक मिळाले ११. उरलेले यंत्र तीन वर्षे घसारा दाखवत पडून राहिले. आज तेच काम कोणीही विद्यार्थी दुपारच्या वेळात करून संध्याकाळी बंद करतो. हे ग्राहकाचे भले नसेल तर भले म्हणजे काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

राहिला फोटोंचा प्रश्न. अर्धविराम यांना सहा वर्षे अमर्याद साठवण शून्य पैशांत मिळत होती, ती बंद झाली. १३८ फायली उतरवण्याचा कंटाळा येणे ही मानवी गोष्ट आहे; तिला मक्तेदारी म्हणणे हा शब्दांचा अपव्यय आहे.

पाऊलखुणा

त्रयस्थ, आपण फक्त क्लाउडच्या अंगणात उभे राहून बोलता आहात. मोबाइलच्या अंगणात यावे.

मी एका छोट्या अ‍ॅपवर घर चालवते. अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर २००८ मध्ये उघडले तेव्हा कमिशन ३० टक्के होते. गूगलच्या दुकानाचेही ३० टक्केच. बारा वर्षे दोन ‘कट्टर प्रतिस्पर्धी’ दुकानांत मूळ भाव एकच राहिला आणि एकीलाही २९ करावेसे वाटले नाही. मग एपिक या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या फोर्टनाइट या खेळातून थेट पैसे घ्यायला सुरुवात केली, खेळ दोन्ही दुकानांतून काढला गेला, खटले उभे राहिले, आणि पाहता पाहता जानेवारी २०२१ पासून अ‍ॅपलने वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमाई असणाऱ्यांचे कमिशन १५ टक्क्यांवर आणले. गूगलनेही त्याच वर्षी पहिल्या १० लाखांवर तेच केले. दर उतरला तो कोर्टाच्या धाकाने. स्पर्धेने त्यात काडीचाही हात लावलेला नाही.

माझे स्वतःचे सांगते. दुकान कोणते ते सांगत नाही. माझे अ‍ॅप अद्ययावत करण्याची विनंती तीन वेळा नाकारली गेली. पहिल्या दोन वेळी कारण समजेल असे लिहिलेच नव्हते, नुसता नियमाचा क्रमांक. तिसऱ्या वेळी एका चित्रावर लाल गोल काढून आला. अ‍ॅपच्या आतल्या मदतीच्या पानावर, तेही तीन पडदे खाली गेल्यावर, मी लिहिले होते : ‘वार्षिक वर्गणीविषयीची माहिती आमच्या संकेतस्थळावर आहे.’ दुवा नव्हता, भाव नव्हता, केवळ वाक्य होते. ते काढले आणि ४० मिनिटांत मंजुरी आली. त्या १७ दिवसांत एक दोष तसाच राहिला आणि त्याबद्दलचे एकतारांकित अभिप्राय मात्र त्याच दुकानाने तत्परतेने छापले. मी दुसरीकडे जाऊ शकते म्हणता? कोठे? माझे ग्राहक ज्या फोनवर आहेत तेथे दुसरे दरवाजेच नाहीत.

टाइलवेडा

पाऊलखुणाताईंनी नेमका प्रश्न विचारला : ‘कोठे?’ तिसरा दरवाजा होता. त्याचे नाव मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन. तो बंद पडला तेव्हा येथलेच पुष्कळ जण हसले होते.

पडद्यावर सरकणाऱ्या त्या चौकोनी टाइल्स, एका बोटाने चालणारी मांडणी, कमी ताकदीच्या यंत्रावरही न अडखळणारी हालचाल. आजचे विजेट वगैरे पाहिले की मला ओळखीचे वाटते. तो प्रकार वाईट म्हणून मेला नाही, त्याला मारले. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये त्या फोनसाठी स्वतः यूट्यूबचे चांगले अ‍ॅप तयार केले. मे महिन्यात गूगलने ते काढायला लावले. ऑगस्टमध्ये सुधारून पुन्हा आणले तर तेही अडवले. ज्या फोनवर यूट्यूब धड चालत नाही तो फोन कोण घेणार?

कोरडा_पाषाण

दर वर्षी कोणत्या ना कोणत्या धाग्यावर हे श्राद्ध घातले जाते, या वर्षी येथे.

टाइलवेडा, अर्धी गोष्ट सांगू नये. मे महिन्यातले ते अ‍ॅप जाहिराती दाखवत नव्हते आणि व्हिडिओ उतरवू देत होते. दुसऱ्याच्या दुकानातला माल जाहिरात फाडून वाटायचा आणि त्याने अडवले की छळ झाला म्हणायचे, हा न्याय अजब आहे. शिवाय विंडोज फोन ७ वर चालणारी यंत्रे २०१२ मध्ये आवृत्ती ८ कडे नेता येणार नाहीत असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले. जे मोजके लोक विश्वासाने आले होते त्यांनाच तिने पहिला तडाखा दिला. पुढे २०१४ मध्ये नोकियाचा फोन विभाग ताब्यात घेतला आणि २०१५ च्या जुलैत त्यापायी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. आपल्या हाताने विहीर खणून उडी मारणाऱ्याला शेजाऱ्याने ढकलले, असे म्हणण्यात काय अर्थ आहे?

टाइलवेडा

जाहिरातींचा मुद्दा मला ठाऊक आहे आणि म्हणूनच मी ऑगस्टचा उल्लेख केला होता, जो आपण सोयीस्करपणे गाळलात. ऑगस्टच्या आवृत्तीत जाहिराती होत्या आणि उतरवण्याची सोय काढलेली होती. तेव्हा गूगलने नवी अट पुढे केली की अ‍ॅप एचटीएमएल५ मध्येच (वेबपाने लिहिण्याच्या भाषेतच) बांधले पाहिजे. गूगलची स्वतःची आयफोनवरची आणि अँड्रॉइडवरची यूट्यूब अ‍ॅप्स एचटीएमएल५ मध्ये होती काय? नव्हती. तेव्हा विहीर कोणी खणली हे आपणच ठरवा. आपण तो फोन कधी हातात तरी घेतला होता काय, की हेही सगळे मथळे वाचून?

कोरडा_पाषाण

घेतला होता. दोन वर्षे वापरला. माझ्या बँकेचे अ‍ॅप त्यावर नव्हते, माझ्या कार्यालयाचे हजेरीचे अ‍ॅप नव्हते, आणि इन्स्टाग्राम आले ते २०१३ च्या नोव्हेंबरात, तेही चाचणी आवृत्ती म्हणून. ही तिन्ही अ‍ॅप्स गूगलने अडवली होती काय? टाइल्स सुंदर होत्या, मान्य. सुंदर टाइल्सच्या घरात नळाला पाणी नव्हते. ‘मथळे वाचून’ हे शब्द आपण मागे घ्याल अशी अपेक्षा आहे. नाही घेतलेत तरी माझे काही अडत नाही.

सांदीकोपरा

या भांडणात दोघेही अर्धे बरोबर आहेत, हे मी दोघांनाही आवडणार नाही याची खात्री बाळगून लिहितो.

यूट्यूब एकटे असते तर तो वेगळा किस्सा म्हणून सोडून देता आला असता. पण त्याच २०१३ च्या जानेवारीत विंडोज फोनच्या ब्राउझरवरून गूगलचे नकाशे उघडले तर माणूस शोधाच्या पानावर परत फेकला जात होता. आरडाओरडा झाल्यावर गूगलने ते वळण काढून टाकले. तेव्हा टाइलवेडा यांचा संशय अगदीच हवेतला नाही. दुसऱ्या बाजूला, फक्त गूगलमुळे तिसरे दुकान बसले असे म्हणावे तर वेबओएस ही फोनप्रणाली बनवणाऱ्या पाम कंपनीचे काय? एचपीने २०१० मध्ये १२० कोटी डॉलरला पाम घेतली, वेबओएसवर चालणारा टचपॅड हा टॅबलेट जुलै २०११ मध्ये बाजारात आणला आणि सात आठवड्यांत तो गुंडाळलाही. तेथे यूट्यूबने कोणाचा हात धरला नव्हता. गंमत म्हणजे उघडी अ‍ॅप्स पत्त्यांसारखी बाजूबाजूला मांडायची आणि नको ते वर भिरकावून द्यायचे, ही वेबओएसची कल्पना आज दोन्ही विजेत्यांच्या फोनवर आहे.

टाइलवेडा

‘मथळे’ मागे घेतो. ‘यूट्यूब’ मागे घेत नाही.

कोरडा_पाषाण

स्वीकारले. वेबओएस सध्या एलजीच्या टीव्हीमध्ये सुखाने नांदतो आहे, ही बातमी दुःखी मंडळींना कळवावी. टाइल्सनाही एखादे स्थळ मिळेल.

अर्धविराम

धागा माझा असूनही मी बराच वेळ प्रेक्षकांत बसलो आहे. विंडोज फोनचे श्राद्ध मला अवांतर वाटत नाही, कारण त्यातून माझाच मुद्दा निघतो. तिसऱ्या स्पर्धकाला फोन चांगला बनवून भागले नाही. त्याला पहिल्या दोघांपैकी एकाच्या व्हिडिओची, नकाशांची आणि मेलची परवानगी लागली. ज्याच्या हातात सेवा आहे त्याच्याच हातात फोनचा बाजार आहे, मग नवा येणार कोठून? हुआवे या चिनी फोनकंपनीचे नाव मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत गेले आणि तिच्या नव्या फोनवरून गूगलच्या सेवा गेल्या. फोन तोच, कॅमेरा उत्तम, आणि चीनबाहेरची विक्री मात्र कोसळली. तेथे कारण सरकारी होते, हे मान्य. पण अँड्रॉइड ‘सर्वांसाठी खुले’ आहे म्हणजे नेमके किती खुले आहे, ते त्या दिवशी सर्वांना दिसले.

त्रयस्थ यांच्या साठवणीच्या दरांबद्दल : १५ सेंटांचे २.३ झाले हे मी नाकारत नाही. त्याच काळात डिस्क स्वतःच किती स्वस्त झाल्या ते मात्र त्यांनी लिहिलेले नाही. शिवाय हा आत ठेवण्याचा दर झाला. बाहेर काढण्याचा दर लिहायला ते विसरले आहेत.

सांदीकोपरा

बाहेर काढण्याचा दर मी सांगतो, कारण तो मी भरला आहे. सेवा कोणती ते सांगत नाही. अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तिघींचेही दरपत्रक या बाबतीत सख्ख्या बहिणींसारखे आहे.

आमच्या चमूकडे सुमारे ४० टीबी विदा होता. विदा आत आणायला शून्य पैसे, बाहेर न्यायला जीबीमागे साधारण ९ सेंट. म्हणजे नुसते गाठोडे उचलून दाराबाहेर ठेवायचे ३,६०० डॉलर. हा झाला जाहीर दर, तो वाचता येतो. खरा मार न वाचलेल्या ओळीत असतो. आमची रात्री चालणारी एक चाचणी खासगी नेटवर्कातून नॅट गेटवेमार्गे (बाहेर जाण्याच्या पैसे लागणाऱ्या दारातून) शेजारच्याच बकेटमधला (साठवणीच्या कप्प्यातला) विदा वाचत होती. बकेट आमचीच, खाते आमचेच, रीजनही (विदा ठेवण्याचा भौगोलिक विभाग) एकच. तरी गेटवेमधून जाणाऱ्या प्रत्येक जीबीवर प्रक्रिया शुल्क लागत होते. आठ महिने ‘इतर’ या नावाखाली ते बिलात बसून होते आणि कोणाच्या लक्षात आले नाही, कारण बिल ६० पानांचे होते. एक फुकटचा एंडपॉइंट (साठवणीकडे जाणारा आतला थेट रस्ता) जोडला आणि ती ओळ नाहीशी झाली. हा उपाय त्यांच्याच मदतपानावर लिहिलेला आहे, हेही खरे. पण ज्या बाजारात उपाय मदतपानावर आणि चूक मूळ मांडणीत असते, त्या बाजाराला मी ग्राहकाभिमुख म्हणणार नाही.

त्रयस्थ

सांदीकोपरा, आपण मांडणी चुकीची केलीत, बिल आठ महिने वाचले नाहीत, आणि दोष बाजाराचा? टेबलावरच्या सर्व्हरला पंखा लावणारे आम्ही निदान विजेचे बिल वाचत होतो.

आणि बाहेर काढण्याच्या दराविषयी आपण दोघेही जुने पान वाचता आहात. कायमचे निघून जाणाऱ्या ग्राहकाचे हे शुल्क गूगलने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केले, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये. दोन महिन्यांत तिघी. स्पर्धा आणखी कशी दिसते?

ज्यांना जायचे आहे ते जातातही. ड्रॉपबॉक्सने अ‍ॅमेझॉनमधून आपला बहुतेक विदा स्वतःच्या विदागारात (डेटा सेंटरमध्ये) नेला आणि दोन वर्षांत सुमारे ७.५ कोटी डॉलर वाचवले, हे तिने २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरताना लेखी दिले. उलट नेटफ्लिक्सने २०१६ च्या सुरुवातीपर्यंत आपला जवळजवळ सारा पसारा अ‍ॅमेझॉनवर हलवला, आणि तीच अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओ चालवते. प्रतिस्पर्ध्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहून नेटफ्लिक्सचे काही वाईट झालेले मला दिसत नाही. तेव्हा अर्धविराम यांची ‘भाडेपावती’ ही काही गुन्ह्याची पावती नव्हे.

सांदीकोपरा

बिल वाचले नाही ही माझी चूक, ती मी आपणहून सांगितली होती. चूक कबूल करणाऱ्याला तीच चूक परत दाखवणे यात कसले शौर्य आहे ते कळले नाही.

शुल्क रद्द झाले तेही अर्धेच सांगितलेत. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, आणि ती सवलत पूर्ण गाशा गुंडाळणाऱ्यासाठी आहे. अर्धे काम येथे आणि अर्धे तेथे ठेवावे, म्हणजे खऱ्या अर्थाने दोघींना एकमेकींशी झुंजवावे, असे ज्याला वाटते त्याला रोजच्या ये-जा करणाऱ्या विदासाठी आजही बहुतेक ठिकाणी मीटर चालूच आहे. शिवाय ‘दोन महिन्यांत तिघी’ यामागे कोण उभे होते? जानेवारी २०२४ मध्येच युरोपीय संघाचा डेटा कायदा अमलात आला होता, आणि १२ जानेवारी २०२७ नंतर स्थलांतराचे शुल्क घेताच येणार नाही असे त्यात लिहिले आहे. जे उद्या सक्तीने करायचे ते आज औदार्य म्हणून जाहीर केले.

पाऊलखुणा

हेच मी वर म्हणत होते. चार्जिंगच्या वायरीचेही तेच. युरोपने २०२२ मध्ये कायदा केला आणि २०२३ च्या सप्टेंबरात आयफोन १५ ला यूएसबी-सी आले. आधी दहा वर्षे अँड्रॉइडशी ‘स्पर्धा’ चालूच होती की.

ड्रॉपबॉक्सचे उदाहरण मला हास्यास्पद वाटले, क्षमस्व. स्वतःचे विदागार बांधू शकणारा ग्राहक मोकळा आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. माझ्या अ‍ॅपसाठी मी स्वतःचा फोन बांधू काय?

कोरडा_पाषाण

बांधा. टाइल्स लावा. एक गिऱ्हाईक वर तयार आहे.

टाइलवेडा

दोन. सांदीकोपरा यांनाही आतून आवडतो, ते लिहीत नाहीत एवढेच.

त्रयस्थ

पाऊलखुणा यांच्या वायरीच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून उत्तर देत नाही. दुकानांच्या ३० टक्क्यांबद्दलही माझा लेख मौन बाळगून होता, हे मान्य करतो. त्या विषयावर मी कधी काम केले नाही आणि लिहायला नको होते अशा जोरात लिहिले. न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅपलने बाहेरच्या पेमेंटविषयीचा आदेश मोडला असे ठरवले, ते वाचल्यावर तर मला मोबाइलपुरती माघार घ्यावीच लागेल. त्या मूळ आदेशानंतर अ‍ॅपलने अ‍ॅपबाहेर केलेल्या खरेदीवर २७ टक्के लावले होते. तीसमधून तीन वजा करून त्याला मोकळीक म्हणणे, हे मलाही पटण्यासारखे नाही.

क्लाउडविषयी मात्र एक पाऊलही मागे घेत नाही. तेथे बाहेर पडणे महाग पडते ते बहुतेक वेळा आपल्याच आळसामुळे. कंटेनरमध्ये (कोठेही उचलून नेता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डब्यात) काम ठेवले, खुला (एका कंपनीला न बांधलेला) डेटाबेस वापरला, तर जागा बदलता येते. आपण एका कंपनीचा खास डेटाबेस सोयीचा म्हणून घेतो आणि मग तो सुटत नाही म्हणून रडतो. ती सोय आपण डोळे उघडे ठेवून विकत घेतलेली असते.

अर्धविराम

मोबाइलपुरती माघार कृतज्ञतेने नोंदवली आहे. ती ११ वर्षे जपून ठेवीन आणि तारखेसकट.

‘डोळे उघडे ठेवून’ याबद्दल एवढेच विचारतो की, ज्या दिवशी मी फोनवर ‘बॅकअप सुरू करा’ या निळ्या बटणावर बोट ठेवले, त्या दिवशी माझ्या कोणत्या डोळ्यासमोर ती जेसन फाइल होती? आपल्यासारख्या जाणकाराने कंटेनर निवडावेत. ज्याला फक्त मुलीचे फोटो ठेवायचे होते, त्याने खुला डेटाबेस कोठून आणायचा?

त्रयस्थ

प्रश्न रास्त आहे. वाद म्हणून उत्तर देत नाही, कामाचे सांगतो.

एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो जेसन फाइलमधली तारीख वाचून फोटोत परत लिहू शकतो. दोन ठिकाणी अडते. फाइलचे नाव लांब असेल तर जेसनच्या नावाची शेपटी कापलेली असते आणि जोडी जुळत नाही. आणि संपादित फोटोची वेगळी जेसन नसते. तिथे मूळ फोटोची घ्यावी लागते. दोन्ही गोष्टी हाताळणारी छोटी स्क्रिप्ट माझ्याकडे आहे, ती व्यक्तिगत निरोपात पाठवतो. आधी संग्रहाची एक प्रत काढून तिच्यावरच चालवावी.

अर्धविराम

मनापासून आभार. पण ही स्क्रिप्ट आपल्याकडे कशी?

त्रयस्थ

तीन रविवार लागले होते. ९६ झिप फायली होत्या.